सिएलो गेली, ऑप्ट्रा गेली. कामगार कुठे गेला?

१४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. त्यानंतर दीड वर्षाने, १९९५ च्या जुलैमध्ये, दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीची सिएलो नावाची मोटारगाडी भारतात विक्रीला आली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध असा की नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेल्या बापांची पोरे आयटीआय, डिप्लोमा, पदवीची सर्टिफिकिटे घेऊन ज्या वर्षांत बाहेर पडली, त्याच वर्षांत सरकारी नोकरीचे दार ओढून घ्यायला सुरुवात झाली होती. उघडे होते ते कारखान्याचे गेट. त्या गेटच्या आत काय चालते हे समजून घ्यायचे असेल तर एका गाडीची जन्मकथा आणि मृत्युकथा वाचावी. अशी कथा आपल्या पानावर सहसा येत नाही. मोटारी हा आपला विषय नाही असे आपणच ठरवून टाकले आहे. त्या बनवायला मात्र आपलीच पोरे जातात.

आमच्या कॉलनीतल्या एका सरांनी २००० च्या सुमारास पांढरी सिएलो सेकंड हँड घेतली. कॉलनीतली ती पहिली चारचाकी. सरांचे वडील दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होते, सर मिलिंदमध्ये शिकले, आणि आता दारात डिकीवाली गाडी उभी! पोरे भोवती गोळा झाली. "सर, कुठल्या कंपनीची?" "कोरियाची." "कोरिया म्हणजे आपल्या बुद्धाला मानणारे लोक ना सर?" सर हसले आणि म्हणाले, "अरे, गाडी बनलीसुद्धा गौतम बुद्ध नगरात." पोरांना वाटले सर गंमत करतात. पण ते खरे होते. सिएलो बनायची ती उत्तर प्रदेशातल्या सूरजपूरच्या कारखान्यात, आणि १९९७ मध्ये मायावतींच्या सरकारने जो गौतम बुद्ध नगर जिल्हा केला, त्याचे मुख्यालय याच सूरजपूरला आहे. वेरूळ-अजिंठ्याला येणारे कोरियन भिक्खू पाहिलेल्या पोरांना मग ती गाडी आपल्या घरातलीच वाटू लागली. पुढे कितीतरी लग्नांत नवरदेव त्याच गाडीतून गेले. सरांनी कधी कोणाला नाही म्हटले नाही, डिझेल-पेट्रोलचे पैसेही घेतले नाहीत. (डिझेल मी सवयीने लिहिले, गाडी पेट्रोलची होती आणि पेट्रोल चांगलेच प्यायची.)

आता ही गाडी मुळात कोरियाची तरी होती का? तिचा मूळ आराखडा जर्मनीतला. अमेरिकेच्या जनरल मोटर्सची तेव्हाची जर्मन शाखा म्हणजे ओपेल. तिने १९८४ मध्ये कॅडेट नावाची गाडी काढली आणि पुढच्याच वर्षी तिला युरोपातला वर्षातल्या उत्तम गाडीचा मान मिळाला. तेव्हा देवूच्या मोटार कंपनीत जनरल मोटर्सची निम्मी भागीदारी होती. त्यामुळे १९८६ पासून हाच आराखडा कोरियात ल मान्स नावाने बनू लागला आणि अमेरिकेतही पाँटियाक नाव लावून विकला गेला. १९९२ मध्ये भागीदारी तुटली. देवूने जुन्याच सांगाड्यावर नवे नाकडोळे बसवले आणि १९९४ मध्ये गाडीला नाव दिले सिएलो. हा शब्द स्पॅनिश, अर्थ आकाश. युरोपात हिचेच नाव नेक्सिया. म्हणजे भारतात १९९५ ला 'नवी कोरी' म्हणून जी आली, तिचे हाड दहा-अकरा वर्षांचे होते. ॲम्बेसिडर आणि पद्मिनीवर तीन दशके काढलेल्या देशाला तीही परदेशी नवलाई वाटली. इथला मध्यमवर्ग मारुती ८०० वरून एक पायरी वर चढायला उतावीळ झाला होता. वातानुकूलन, पॉवर स्टिअरिंग, मागे मोठी डिकी. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती. साहेब लोकांना आणखी काय हवे?

सूरजपूरचा कारखाना देवूने उभा केलेला नव्हता. १९८० च्या दशकात तिथे डीसीएम आणि जपानच्या टोयोटाने मिळून हलके ट्रक बनवायला सुरुवात केली होती. तो धंदा नीट चालला नाही. १९९४ मध्ये टोयोटा गेली, देवू आली, कंपनीचे नाव डीसीएम-देवू झाले आणि काही वर्षांत डीसीएमही गळून पडून नुसते देवू मोटर्स इंडिया राहिले. गेटवरची पाटी दोनदा बदलली. पाटी बदलताना आतल्या माणसाला कोणी काही विचारत नाही. पण तिथवर त्याचे काम तरी चालू होते.

देवूचा मालक किम वू-चूंग. १९६७ मध्ये कापडाच्या निर्यातीपासून त्याने सुरुवात केली आणि तीस वर्षांत जहाजे, टीव्ही, मोटारी, बांधकाम असे सगळे करणारा, कोरियातला दुसऱ्या क्रमांकाचा उद्योगसमूह उभा केला. देवू या शब्दाचा अर्थच महाविश्व. पोलंड, रोमानिया, उझबेकिस्तान, युक्रेन, व्हिएतनाम, भारत, जिथे बंद पडायला आलेला कारखाना दिसेल तिथे हा माणूस पोचायचा. पैसा कोणाचा? बँकांचा. एका देशातल्या कर्जावर दुसऱ्या देशातला कारखाना आणि त्या कारखान्याच्या नावावर पुन्हा नवे कर्ज. १९९७ च्या अखेरीस कोरिया दिवाळखोरीच्या काठावर आला आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावे लागले. नाणेनिधीच्या दबावाखाली फेब्रुवारी १९९८ मध्ये कोरियात कायदा बदलला आणि कामगारांना घाऊक पद्धतीने काढून टाकणे मालकांना सोपे झाले. इतर उद्योगसमूह आटोपते घेत असताना किम मात्र कर्ज वाढवतच गेला. १९९९ मध्ये सगळा डोलारा कोसळला. देणे ५० अब्ज डॉलरहून अधिक निघाले. मालक देश सोडून पळाला, २००५ मध्ये परतला, २००६ मध्ये हिशेबातल्या घोटाळ्यांबद्दल शिक्षा झाली आणि २००७ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्षांनी माफीही दिली. २०१९ मध्ये तो वारला. आपल्याकडे बँका बुडवून परदेशी गेलेल्यांची नावे वाचकांना पाठ आहेत, त्यामुळे यात नवल वाटणार नाही. तो निदान परत तरी आला.

इथून पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. एकच गाडी, एकच बुडालेली कंपनी, तीन देशांतले कारखाने. त्यांतल्या कामगारांचे काय झाले?

पहिला देश कोरिया. फेब्रुवारी २००१ मध्ये इंचॉनमधल्या बुप्यंग कारखान्यातून १,७५० कामगारांना एका फटक्यात काढले. कामगार बायकापोरांसह कारखान्यात ठाण मांडून बसले. हजारो पोलीस घुसले. एप्रिलमध्ये कामगारांना झालेल्या मारहाणीची चित्रे तिथल्या लोकांनी पाहिली आणि सरकारची नाचक्की झाली. २००२ मध्ये जनरल मोटर्सने देवूचा मोटार व्यवसाय विकत घेतला, पण कामगारांनी मागणी सोडली नाही. जसजशी विक्री वाढली तसतसे काढलेल्यांना परत बोलावणे भाग पडले आणि २००६ पर्यंत परत येऊ इच्छिणारे बहुसंख्य कामगार पुन्हा कामावर रुजू झाले. मधली पाच वर्षे त्यांनी कशी काढली असतील ते त्यांचे त्यांना ठाऊक. पण ते परतले.

दुसरा देश रोमानिया. क्रायोव्हा शहरात १९९६ पासून सिएलो बनत होती. देवू बुडाल्यावरही तो कारखाना रडतखडत चालू राहिला. शेवटी रोमानियाच्या सरकारने तो स्वतःकडे घेतला आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या फोर्डला विकायला काढला. विकताना अट घातली की इतके उत्पादन झाले पाहिजे आणि इतके कामगार राहिले पाहिजेत. या अटीमुळे कारखाना स्वस्तात गेला, म्हणजे ही सरकारी मदतच झाली, असे म्हणत युरोपीय आयोगाने २००८ मध्ये आक्षेप घेतला आणि २.७ कोटी युरो फोर्डकडून वसूल करायला लावले. बाजाराच्या पुजाऱ्यांना कामगारांची अट इतकी खुपते! पण एक गोष्ट यातून सिद्ध झाली. सरकारच्या मनात असेल तर विक्रीच्या कागदावर कामगार लिहिता येतो.

तिसरा देश आपला. जनरल मोटर्सने देवूची जगभरातली मालमत्ता चाळून निवडून घेतली. व्हिएतनामचा कारखाना घेतला, सूरजपूरचा सोडला. किमती खाली आणूनही सिएलो मागे पडतच गेली होती. होंडा सिटी, मारुती एस्टीम यांनी बाजार खाल्ला होता. मॅटिझ ही छोटी गाडी चांगली चालत होती, पण एकट्या मॅटिझवर कर्जाचे व्याज फिटेना. २००२-०३ च्या आसपास चाके थांबली. धनको वित्तसंस्था न्यायाधिकरणात गेल्या, कारखाना लिलावात निघाला. कामगारांची देणी, भरपाई, पीएफ यांची भांडणे कोर्टाच्या तारखांत वर्षानुवर्षे पडून राहिली. दिल्लीजवळच्या या कारखान्यात काम करणारी माणसे आसपासच्या गावांतली आणि बिहार-पूर्वांचलातली. त्यांच्यासाठी कोणती राष्ट्रीय वाहिनी रडली? गौतम बुद्धाच्या नावाच्या जिल्ह्यात दुःखाचे कारण शोधायला कोणी गेले नाही.

गंमत पुढेच आहे. सिएलो इकडे मेली, पण उझबेकिस्तानात २०१६ पर्यंत बनत राहिली. आणि भारतात तिची धाकटी भावंडे नाव बदलून परत आली. देवूने सिएलोच्या वरच्या गटात नुबिरा काढली होती. नुबिराची पुढची पिढी लासेटी. २००३ मध्ये जनरल मोटर्सने तीच लासेटी शेवरोले ऑप्ट्रा म्हणून भारतात आणली आणि गुजरातमधल्या हालोलच्या कारखान्यात बनवली. पोटात कोरिया, कपाळावर अमेरिका, जाहिरातीत करवा चौथचा चंद्र. मॅटिझची शेवरोले स्पार्क झाली. गाडीला पुनर्जन्म असतो असे दिसते. आपण पुनर्जन्म न मानणारी माणसे, म्हणून आपल्याला याचा हिशेब वेगळ्या पद्धतीने करावा लागतो. आराखडा टिकला. यंत्रे टिकली. ब्रँड पाहिजे तेव्हा बदलला. साखळीतून गळाला तो एकटा कामगार.

आणि ही साखळी शेवटी महाराष्ट्रात आली. २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगावला जनरल मोटर्सने दुसरा कारखाना सुरू केला. तिथे स्पार्क आणि मग कोरियातच घडवलेली बीट बनू लागली. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या कितीतरी आयटीआयच्या पोरांना तळेगाव-चाकण हे पंढरपूर वाटत होते ते दिवस. २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवली, हालोल विकले, तळेगाव फक्त निर्यातीसाठी ठेवले. २०२० च्या डिसेंबरमध्ये, नाताळच्या आदल्या दिवशी, तेही उत्पादन बंद झाले. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट भरात असताना, १,४१९ कामगारांच्या हाती ले-ऑफची पत्रे पडली. चीनच्या ग्रेट वॉल कंपनीला कारखाना विकायचा करार सीमेवरच्या तणावानंतर परवानगीअभावी बारगळला. मग २०२३ मध्ये आली हुंदाई. कोरियाचीच. देवूची जुनी प्रतिस्पर्धी.

म्हणजे देवूच्या आराखड्यावर चाललेला अमेरिकन कारखाना फिरून कोरियन हातात गेला. करार झाला तो जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्रीचा. त्या यादीत माणसे नव्हती. कामगार संघटना औद्योगिक न्यायालयात गेली, २०२३ मध्ये कामगार उपोषणाला बसले, नव्या मालकाने आम्हाला घ्यावे एवढीच मागणी होती. जानेवारी २०२४ मध्ये व्यवहार पूर्ण झाला आणि २०२५ मध्ये तळेगावातून हुंदाईच्या गाड्या बाहेर पडू लागल्या.

औद्योगिक विवाद कायद्यातले २५-एफएफ हे कलम कामगारांच्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. उद्योगाचे हस्तांतरण झाले तर नव्या मालकाने सेवेत खंड न पडू देता, जुन्यापेक्षा कमी नसलेल्या अटींवर कामगार घ्यावेत, नाहीतर भरपाई द्यावी, असा त्याचा आशय. यातली पळवाट मालकांच्या वकिलांना आपल्यापेक्षा आधी सापडते. चालता उद्योग विकायचाच नाही. आधी बंद पाडायचा, मग भिंती आणि यंत्रे विकायची. शंभर किंवा अधिक कामगार असलेला कारखाना बंद करायला सरकारची परवानगी घ्यावी लागे. २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा ३०० वर नेली. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाणा एमआयडीसीत मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारी किती युनिटे तीनशेच्या आत आहेत, हे तिथे काम करणाऱ्या वाचकाने स्वतःच मोजावे.

बाबासाहेबांनी १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे भाषण केले होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्या भाषणातले सूत्र आपण दर सभेत सांगतो. पण त्याच भाषणात त्यांनी कारखान्याच्या आतला तपशीलही सांगितला होता, तो आपण विसरतो. गिरणीत विणकाम खात्यात पगार जास्त, तिथे आपल्या माणसाला मज्जाव. रेल्वेत आयुष्यभर गँगमनच राहायचे. कुठल्या खात्यात कोण, हा त्यांचा प्रश्न होता. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने संपात उडी घेतली. पुढे व्हॉइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना आठवड्याचे ५४ तासांचे काम ४८ वर आणणारी कायद्यातली दुरुस्ती त्यांनी पुढे नेली. सेवायोजन कार्यालयांची बांधणीही त्यांच्याच खात्याकडची. आज आठ तासांची ड्युटी करून घरी येणाऱ्या प्रत्येक जातीच्या कामगाराच्या अंगावर त्या कामाची सावली आहे, त्याने ती मानो वा न मानो.

तोच खात्याचा प्रश्न आज आपण वाळूजला विचारावा. पेंट शॉपमध्ये कोण, वेल्डिंगला कोण, क्वालिटीत कोण आणि एचआरच्या एसी केबिनमध्ये कोण? कायम किती, ठेकेदाराचे किती, ट्रेनी म्हणून वर्षानुवर्षे ठेवलेले किती? माझ्या नात्यातला एक मुलगा अकरा महिने काम, मग ब्रेक, पुन्हा नव्या ठेकेदाराच्या नावावर तेच काम, असे सात वर्षे करतो आहे. मशीन तेच, गणवेशावरचे नाव फक्त बदलते. त्याच्या हातून गेलेले भाग ज्या गाड्यांना लागतात त्या रस्त्यावर त्याला ओळखू येतात.

याच शहरात ऑक्टोबर २०१० मध्ये धनिकांच्या एका गटाने एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. ६५ कोटींचा व्यवहार, सात टक्क्यांनी बँकेचे कर्ज. ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला तेव्हा बारा टक्के पडत होते. वर्तमानपत्रांनी शहराचा सन्मान वाढला म्हणून मथळे दिले. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातात, आता ऑरिक वसाहतीत ह्योसंग ही कोरियन कंपनीही धागा बनवते. शेंद्रा-बिडकीन मिळून दहा हजार एकरांची वसाहत. उद्योग यावेत, याला आपला विरोध असण्याचे कारण नाही. जातीच्या चौकटीतल्या गावापेक्षा शहरातला कारखाना आपल्या माणसाला बरा, हे आपण अनुभवाने जाणतो. प्रश्न अटींचा आहे.

आणि अट घालण्याचा अधिकार आपल्या राज्याने स्वतःला आधीच दिलेला आहे! खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाची घोषणा २००४ च्या किमान समान कार्यक्रमात झाली, उद्योगपतींनी स्वेच्छेने काहीतरी करू म्हणून ती गुंडाळली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण महाराष्ट्राचा २००१ चा लोकसेवा आरक्षण अधिनियम, जो २००४ पासून अमलात आहे, त्याची व्याख्या काढून वाचा. शासनाने सवलतीच्या दरात जमीन दिलेल्या किंवा इतर आर्थिक सवलती दिलेल्या संस्था आणि उद्योगसुद्धा त्यात 'शासन अनुदानित' म्हणून धरले आहेत. कायदा येण्यापूर्वी सवलत घेतलेली असो की नंतर. या एका वाक्यावर वाळूज, शेंद्रा, बिडकीन, चाकण, तळेगाव इथल्या कितीतरी कारखान्यांना बिंदुनामावली मागता येईल. खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणासाठी आपण किती मोर्चे काढले, आणि हातात असलेल्या या कलमासाठी किती?

सरांची सिएलो २०१२ च्या सुमारास भंगारात गेली. देवूचे पार्ट मिळत नव्हतेच. शेवटी शेवटी मिस्त्री दुसऱ्याच गाडीचे काहीतरी घासून बसवायचा. सर आता निवृत्त आहेत. परवा त्यांच्याकडे बसलो असताना त्यांनीच हा विषय काढला आणि कागद पुढे ओढून माहिती अधिकाराच्या अर्जाचे मुद्दे लिहायला घेतले: मागच्या वीस वर्षांत जिल्ह्यात कोणत्या उद्योगांना सवलतीच्या दरात जमीन दिली, कोणाला कोणत्या आर्थिक सवलती दिल्या, त्यांपैकी कितींकडून २००१ च्या अधिनियमाप्रमाणे बिंदुनामावली मागवली, आणि कारखाना विकला वा बंद झाला तर कामगारांबाबत करारात कोणती अट आहे. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. एक अर्ज एमआयडीसीच्या प्रादेशिक कार्यालयाला, एक जिल्हा उद्योग केंद्राला, एक समाजकल्याण खात्याला. पुढच्या सोमवारी आम्ही तिघे-चौघे ते द्यायला जाणार आहोत.